ऋतिकाची नखं

या वयात तुम्ही कौलं शाकारायला चढलात, हे मला शेजारणीने कळवायचं? फोनवर ओरडले की तुम्ही फोन ठेवता, म्हणून लिहितेय.

नमस्कार. तो वयाला आहे, अकलेला नाही.

मी इथे वसईत बरी आहे. सुमेधा कामावरून दमून येते, पण लेक तुमची, तोंडातून ब्र काढत नाही.

ऋतिकाची बातमी. इथे जवळच पापडी गावात एक संस्था पोरांना फुकट गिटार शिकवते. परीक्षेत पास झालं की गिटार वर्षभर घरी वापरायला देते. आपल्या नातीचा जीव त्यातच.

तिने उजव्या हाताचीच नखं वाढवलेली, त्याच हाताने वरणभात कालवायची. मला बघवेना. दुपारी तिचा डोळा लागला तशी सगळी कापली. उठून रडली तेव्हा कळलं, तारा त्या नखांनीच छेडतात आणि परीक्षा परवावर!

मीच तिच्या ऑल्विन सरांकडे जाऊन चूक सांगितली. हसले. म्हणाले, "आजी, नुसत्या बोटांनी वाजवेल. आवाज बारीक येईल, आम्ही कान देऊन ऐकू." परीक्षेच्या वेळी पंखेसुद्धा बंद केले हो त्यांनी! पोरगी पास झाली.

गिटार माझ्या पलंगावर झोपतं, मी खाली. ऋतिका अजून कामापुरतंच बोलते, पण काल वाजवताना म्हणाली, "आजी, बस इथे."

गोळ्या घेता ना?

उत्तर मला नको, ऋतिकाला लिहा. शाबासकी तिची आहे. आणि दुसऱ्याकडून लिहून घेऊ नका, तुमच्याच हाताने लिहा.