लेकीचा रिपोर्ट आणि तुझं गप्प बसणं

आई, तुझ्यावर इतका चिडलोय की आज तू असतीस तर आपलं कडाक्याचं भांडण झालं असतं. तू गेलीस तेव्हा माझी लेक जन्मलीही नव्हती. आता ती दुसरीत आहे, वर्गात सगळ्यात उंच. मागच्या महिन्यात आंघोळ घालताना बायकोच्या लक्षात आलं, की पोर एवढ्यातच वयात यायला लागलीय. डॉक्टरीणबाईंनी हार्मोनची रक्ततपासणी सांगितली. रिपोर्ट मोबाइलवर आला, तर एका आकड्यापुढे ठळक 'एल', म्हणजे कमी. शेजारी छापलेले नॉर्मल आकडे मोठ्या बायकांचे होते, हे बघायची अक्कल मला नव्हती. रबाळ्याच्या कंपनीत दिवसभर मशीनची रीडिंग तपासतो, पण इथे तो 'एल' पाहिला आणि पुढचं काही वाचलंच नाही. खालच्या मजल्यावरच्या काकीला सुगावा लागलाच. डिंकाच्या लाडवांचा डबा घेऊन ती वर आली. "पोरीला कमी हाय ना? मंग घाला खायाला!" आणि आम्ही शहाणे, आठवडाभर त्या पोरीला लाडू कोंबत बसलो.

डॉक्टरीणबाईंनी रिपोर्ट पाहिला आणि चष्मा काढला. "अहो, कमी कसलं? सात वर्षांच्या मुलीला हे जास्तच आहे. लॅबने रेंज मोठ्या बायकांची छापलीय. आणि एका आकड्यावर मी काही ठरवत नाही." आता हाताचा एक्स-रे काढायचा, मग एक इंजेक्शन देऊन थोड्या थोड्या वेळाने पुन्हा रक्त घ्यायचं. शरीराने खरंच घाई केली असेल तर औषधाने ती रोखता येते, नाहीतर हाडांची वाढ लवकर थांबते आणि उंची खुंटते. मी मान डोलावत होतो. मग त्यांनी विचारलं, "तुमच्याकडे कुणाला असं लवकर सुरू झालं होतं? आईला? बहिणीला?" मी चाळिशीतला बाप्या, मला कुठे काय माहीत?

मला एकच दिवस आठवतो. मी दुसरीत, ताई चौथीत. लगोरीला गडी कमी पडतोय म्हणून मी तिला शोधत स्वयंपाकघरात येतो. तू बोंबील तळतेयस. ताई मागच्या पडवीत पाठमोरी बसलीय. मी तिचा हात ओढतो आणि तू उलथनं सरळ माझ्या पोटरीवर हाणतेस. "हात नको लावू तिला! आजारी हाय ती." पुढे ताई दर महिन्याला आजारी पडायची, आणि तिला शाळा बुडवायला मिळते म्हणून मी जळायचो. चौथीत माझ्याहून वीतभर उंच असलेली ताई नंतर फारशी वाढलीच नाही. तू म्हणायचीस, माझ्या माहेरची उंचीच तेवढी. अख्ख्या करावे गावात कुणाच्या हळदीला कुणी काय आहेर केला, हे तुला शेवटपर्यंत तोंडपाठ होतं. हे मात्र सांगायचं नाही!

दवाखान्याच्या बाहेर येऊन मी ताईला ऐरोलीला फोन लावला. कसंबसं विचारलं. "आज इचारतंस?" ती म्हणाली. "चौथीन होते मी. आय नुसती म्हनाली, कोनाला बोलू नको. मना वाटलं, मी मरतेय." मी पुन्हा आत जाऊन डॉक्टरीणबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, बरं झालं विचारलंत, घराण्यातच असेल तर काळजी थोडी कमी, पण तपासण्या करायच्याच. एवढी एक गोष्ट ताईला धीराने सांगायला तुझं काय जात होतं गं? मला खूप राग आलाय, आणि भीतीही वाटतेय.

गुरुवारी इंजेक्शन आहे. बायकोला रजा नाही, म्हणून लेकीला मीच नेणार. काल तिने विचारलं, "पप्पा, मला काय झालंय?" उद्या सांगतो म्हणालो. बायकोला छातीठोकपणे सांगितलंय, तिला सगळं नीट मीच समजावीन. हे पत्र तुला कुठे पाठवणार? खरं तर लेकीशी बोलायची तालीम म्हणून लिहायला बसलो होतो. तुला एवढं सुनावलं, आई, आणि आता पहिल्यापासून वाचून पाहिलं, तर जे सुरू होतं त्याचं नाव मीसुद्धा एकदाही लिहिलेलं नाही.