हा वर्ग सर्वांसाठी नाही

९ मार्च

चि. धाकट्यास,

अनेक उत्तम आशीर्वाद. पन्नाशीला टेकलेल्या माणसाला चिरंजीव लिहिताना मलाच हसू येतं, पण तू अजून माझ्यापेक्षा धाकटाच आहेस, त्याला माझा इलाज नाही. फोनवर बोलले असते, पण फोनवर तू ‘हं, हं’ करत दुसऱ्याच कुणासाठी काहीतरी टाइप करत असतोस, ते मला ऐकू येतं.

तुझी बबडी खुशाल आहे. तुमच्या बदल्यांपायी तिच्या शाळेचा खेळखंडोबा नको म्हणून तिला माझ्याकडे ठेवलीस, त्याने माझ्या घराला जाग आली. जेवते कमी, वाचते जास्त. काल तिची चप्पल शोधायला पलंगाखाली वाकले, तर ज्या कपाटाची चावी लपवल्याचं मी नाटक करते त्यातली जाडजूड इंग्रजी कादंबरी हाताला लागली, खुणेला केसांची पिन. दुसऱ्यांदा वाचतेय म्हणाली.

आता आमच्या, म्हणजे माझ्या नि बबडीच्या, हायस्कूलची बातमी. नवे मुख्याध्यापक आले आहेत आणि त्यांना साक्षात्कार झाला आहे की ‘इंग्रजी’ असा एकच विषय ठेवणं हा मुलांवर अन्याय आहे. पुढच्या वर्षापासून मुलांनी छापील पुस्तिकेतून आपापलं इंग्रजी निवडायचं. ‘मुलाखतीचं इंग्रजी’ आहे, ‘ईमेलचं इंग्रजी’ आहे, ‘आत्मविश्वासाने इंग्रजी’ आहे. हे शेवटचं आमचे खेळाचे सर शिकवणार, कारण आत्मविश्वास त्यांच्याकडे भरपूर आहे. इंग्रजीचं पुढे बघू. आणि सगळ्यात तळाशी, पानाचा नंबर छापतात त्याच्या जरा वर, माझं ‘पुस्तकवाचन’.

प्रत्येकाने आपल्या वर्गाची ओळख स्वतः लिहायची होती. मी लिहिलं: ‘या वर्गात तीन पुस्तकं अख्खी वाचायची आहेत. सारांश मिळणार नाही. वाचायला वेळ लागतो. नोकरीसाठी याचा उपयोग होईल असं छातीठोकपणे सांगता येत नाही.’ मुख्याध्यापकांनी चष्मा काढून, माझी तब्येत बरी आहे ना, अशी चौकशी केली. पंधरा नावं आली नाहीत तर वर्ग बंद, आणि मी ईमेलकडे. अंदाज घ्यावा म्हणून मी नववीत हात वर करायला सांगितले. दोन हात आले. त्यातल्या एकाला पाणी प्यायला जायचं होतं.

थट्टा पुरे. मला भीती वाटतेय रे. मुलं अख्खं पुस्तक वाचतात असा या शाळेत हा एकच तास उरला आहे, आणि तो माझ्या हातून बंद पडायला नको. घरात साबण असलेल्या माणसाला तू आणखी साबण घ्यायला लावतोस. माझ्यासाठी चार ओळी लिहून दे.

तुझा लोभ जाहिरातीतून उरला तर इकडे पाठवावा.

तुझी ताई


१६ मार्च

ती. ताईस,

सा. न. वि. वि. साष्टांग खुर्चीत बसूनच घातला आहे, कंबर खाली जाऊ देत नाही.

तुझा मजकूर मी ऑफिसात मोठ्याने वाचून दाखवला. आमच्याकडची नवी पोरं हसून हसून रडली. ताई, तू दुकान उघडलंस आणि दारात ‘कृपया आत येऊ नये’ अशी पाटी लावलीस. हे घे:

‘हा वर्ग सर्वांसाठी नाही. जागा मोजक्या. मागितली म्हणून मिळेलच असं नाही. आपण त्या मोजक्यांपैकी आहोत असं वाटत असेल, तर एका पानावर कारण लिहून द्या. निर्णय शिक्षिकेचा. तो अंतिम.’

तू आता नाक मुरडणार आणि म्हणणार की अरे, हा वर्ग तर सगळ्यांसाठीच आहे. तेच तर तुझं चुकतं. सगळ्यांसाठी आहे म्हटलं की कुणी ढुंकून बघत नाही. ही पहिली ओळ मी एकदा एका साबणासाठी लिहिली होती. अगदी साधा साबण, धुतल्यावर अंगाला खाज येईल असा. दुकानदारांना तो पुरवता पुरवता कंपनीच्या नाकी नऊ आले. मुलांना आत यायला सांगू नकोस, फक्त दार थोडं लोटून घे. बघ कशी ढकलाढकली होते.

बबडीला मात्र ‘आत्मविश्वासाने इंग्रजी’त घाल. तिला चार माणसांत बोलता येत नाही. गेल्या निकालानंतर मी तिला प्रेमाने समजावलंच आहे की इंग्रजीत आपण मध्यम आहोत, आणि मध्यम असण्यात लाज काही नाही. पलंगाखालच्या वाचनाने थोडंच कुणाचं पोट भरतं?

लोभ आहेच. तो वाढवण्यासाठी माझा नेहमीचा दर लावत नाही, घरचं काम म्हणून.

तुझा धाकटा


४ एप्रिल

चि. धाकट्यास,

आशीर्वाद. आज जरा हात राखूनच देते, कारण तू मला कुठे नेऊन ठेवलंस ते ऐक.

पुस्तिका वाटली त्याच दिवशी शिक्षकखोलीच्या दारात पालक उभे. ज्यांनी आजवर माझ्याकडे फक्त गुणांची तक्रार केली, ते आता आवाज खाली आणून विचारतात, काही होईल का. शाळेच्या अध्यक्षांच्या नातवासाठी खुद्द मुख्याध्यापक आले, आणि ‘आपला प्रतिष्ठेचा वर्ग’ असं म्हणाले. महिन्याभरापूर्वी माझी तब्येत विचारणारे हेच गृहस्थ.

कळस पुढेच आहे. शाळेसमोरच्या झेरॉक्सच्या दुकानावर एक शिकवणी सुरू झाली आहे, ‘पुस्तकवाचन प्रवेश तयारी’. पान कसं लिहायचं ते तिथे शिकवतात, आणि पुढे वर्गात पुस्तकं वाचायला लागू नयेत म्हणून त्यांचे सारांशही देतात. माझ्याकडे पानांचा ढीग आला आहे, आणि अर्ध्याहून जास्त पानं ‘लहानपणापासून पुस्तक हाच माझा खरा मित्र’ अशीच सुरू होतात. एवढे मित्र असलेलं पुस्तक बिचारं ग्रंथालयात धूळ खात का पडलं होतं, देव जाणे.

तरी खोटं कशाला बोलू, मला गंमत वाटली. आयुष्यभर मुलांच्या मागे लागले, आता मुलं माझ्या मागे. न्याय व्हावा म्हणून प्रत्येक पानावरचं नाव कागदाच्या पट्टीने झाकलं आहे, अध्यक्षांच्या नातवाचंही. बबडीचंही असणारच त्यात. ओळखलं तर पक्षपात होईल म्हणून मी तिला घरात विचारतसुद्धा नाही.

लोभ तूर्त नाव झाकून पाठवते.

तुझी ताई


१९ एप्रिल

चि. धाकट्यास,

आशीर्वाद. ‘सांगितलं नव्हतं का?’ एवढंच लिहिलेलं तुझं कार्ड मिळालं. त्यातला ऊत आता जरा खाली उतरव.

वीस पानं निवडली आणि पट्ट्या काढल्या. बबडीचं नाव नव्हतं. मग मी नाकारलेली पानं काढून बघितली, एकेक. त्यातही नव्हतं. तिने पान दिलंच नव्हतं.

संध्याकाळी चहा घेताना मी सहज विचारावं तसं विचारलं. सहज कसलं, कपाला हात लावायचं भान नव्हतं मला. ती अगदी शांतपणे म्हणाली, की आत्या, त्यात लिहिलंय ना, सर्वांसाठी नाही म्हणून. मग मी कशाला तुझा वेळ घेऊ? रुसली नव्हती, रडली नव्हती. बाहेर ऊन आहे असं सांगावं तसं सांगून कप विसळायला गेली. ‘आत्मविश्वासाने इंग्रजी’त नाव तिने कधीच घालून टाकलं आहे.

धाकट्या, त्या ढिगात एकही मूल असं नाही की ज्याने जाड कादंबरी कुणी न सांगता दोनदा वाचली. जी होती, तिला आपण दोघांनी मिळून दारातून परत पाठवलं. मी छापलं, म्हणून मीही त्यात आले.

लोभाबद्दल पुढच्या पत्रात.

ताई


२५ एप्रिल

ती. ताईस,

सा. न. वि. वि. तिला घाल वर्गात. शिक्षिका तू, निर्णय तुझा, अंतिम. तसं लिहिलंच आहे की छापून! अध्यक्षांचा नातू बसतो आणि माझी मुलगी बाहेर, हा काय प्रकार आहे? तुझ्या तत्त्वांचं लोणचं घाल.

रागावून लिहिलं आहे, रागावून वाचू नकोस. ती ओळ साबणासाठी होती गं. साबण विकत न घेणाऱ्याचं काय होतं, याचा विचार करायची मला कधी वेळच आली नव्हती.

धाकटा


१४ जून

चि. धाकट्यास,

आशीर्वाद, या वेळी पूर्ण मापाने.

वर्ग सुरू झाला. पहिल्या दिवशी मी पुस्तकं वाटली, तेव्हा एका मोजक्याने विचारलं की हे सगळं वाचायचं का? मी म्हटलं, सगळं. अध्यक्षांच्या नातवाने दुसऱ्याच दिवशी मुलाखतीच्या इंग्रजीत आसरा घेतला, आणि त्याच्या मागोमाग आणखी पाच जण गेले. प्रतिष्ठेचे सगळे गेले आणि वाचणारे उरले, म्हणून मी खुशीत होते. तोवर मुख्याध्यापकांनी आठवण करून दिली की पंधराचा नियम अजून आहे. माझ्याकडे चौदा उरले आहेत. येत्या शुक्रवारपर्यंत एक नाव आलं नाही तर मी ईमेल शिकवायला मोकळी.

जागा आहे म्हणून बबडीला म्हटलं, ये. ती म्हणाली, की जागा रिकामी झाली म्हणून कुणी मोजक्यांत जात नाही. खेळाचे सरसुद्धा तिला सोडायला एका पायावर तयार आहेत. मोठ्याने बोलायला सांगितलं की ही खिडकीबाहेर बघते, त्याने त्यांचाच आत्मविश्वास डळमळायला लागला आहे. माझं ती ऐकत नाही. तू लिही.

पण चौदाचं तिला सांगायचं नाही. वर्ग वाचवायला म्हणून ती आली, तर ती माझ्यासाठी आलेली असेल. मला ती तिच्यासाठी यायला हवी आहे, मग वर्ग राहिला काय नि गेला काय. आणि जाहिरात लिहू नकोस. एवढं एक पत्र माणसासारखं लिही.

लोभ आहे. या पत्रापुरता तो सगळा तिला दे.

ताई


१७ जून

चि. बबडीस,

खूप खूप आशीर्वाद.

हे पत्र मी चार वेळा सुरू केलं. प्रत्येक वेळी पहिलं वाक्य छान झालं म्हणून फाडलं. तुझ्या आत्याने छान लिहायची बंदी घातली आहे.

पुस्तिकेतली ती ओळ, वर्ग सर्वांसाठी नाही अशी, आत्याची नाही. माझी आहे. मी ती चहा पिता पिता लिहिली. तिच्यात काहीही खरं नव्हतं. लोकांना हाव सुटावी म्हणून तसं लिहायचं असतं, इतकंच. जो वर्ग सर्वांसाठी होता, त्यावर मी खोटी पाटी लावली आणि ती तू खरी मानलीस.

आणि तुला मध्यम म्हणालो, ते मी गुणपत्रिका बघून म्हणालो. तू पलंगाखाली काय वाचतेस ते मी कधी विचारलंच नाही. ते आता विचारतो. उत्तर लांबलचक आलं तरी चालेल, मी फोनवर ‘हं, हं’ करणार नाही.

वर्गात जा. नको असेल तर जाऊ नकोस. पण माझ्या त्या ओळीमुळे थांबू नकोस.

तुझा लोभ माझ्यावर आहे का, हे विचारायची भीती वाटते, म्हणून गृहीत धरतो.

बाबा


२१ जून

ती. बाबांस,

सा. न. वि. वि. पत्र मिळालं. आत्याने पाकीट माझ्या हातात दिलं आणि स्वतः गॅलरीत जाऊन वाळलेल्या कपड्यांच्या घड्या पुन्हा घातल्या, आधीच घातलेल्या.

शुक्रवारी मी तिला माझं पान दिलं. ‘पुस्तक हाच माझा मित्र’ वगैरे काही लिहिलं नाही. एवढंच लिहिलं, की तुझ्या कपाटातल्या त्या कादंबरीचा शेवट मला दोन्ही वेळा पटला नाही, आणि त्याबद्दल भांडायला मला घरात कुणी नाही, कारण तू कपाटाची चावी लपवल्याचं नाटक करतेस. तिने ते उभ्या उभ्या वाचलं आणि नाव झाकायची पट्टी शोधायला लागली. मी म्हटलं, आत्या, आता राहू दे. चौदाचं मला माहीत आहे, शाळेत शिपाईकाकांपासून सगळ्यांना माहीत आहे. त्यासाठी आले नाही, असं तिला सांगितलं आहे. तुम्हीही सांगा, तिचा विश्वास बसत नाही.

आता तुमच्या पत्राचं. ती ओळ तुमची आहे हे तुम्ही मला सांगायची गरज नव्हती. साबणाचं खोकं, टूथपेस्टचा डबा, बसवरची पाटी, तुम्ही लिहिलेलं सगळं मी लहानपणापासून वाचत आले आहे. तुम्ही आधी एक छोटं वाक्य टाकता, मग त्याहून छोटं. पुस्तिका उघडली तेव्हा दुसऱ्याच ओळीला मला कळलं, हे बाबा बोलतायत.

म्हणून तर मी पान दिलं नाही. आत्याने लिहिलं असतं, तर मी तिच्याशी भांडले असते. पण मला आत घ्यायचं की नाही हे तुम्हाला पक्कं माहीत असणार, आणि माहीत असूनच तुम्ही तसं लिहिलं असणार, असं मला वाटलं.

कादंबरीचा शेवट पुढच्या पानांवर लिहिला आहे, सात पानं झाली आहेत. सगळी वाचा. सारांश मिळणार नाही.

लोभ असावा. मध्यम नको.

तुमची,
बबडी