चुकीच्या डब्यावरचा दिवा

दि. ९ ऑगस्ट, मंगळवार

चि. भुंगीस आजीचे पोटभर आशीर्वाद.

आम्ही बरे आहोत असं आधी लिहायचं असतं, म्हणून लिहून घेतलं. लिहितेय खालची शिवणवाली. "आजी, हळू सांगा," म्हणून माझ्यावरच डोळे वटारते. माझा ब्लाउज कधी देणार, ते मात्र सांगत नाही. हिच्याच फोनवरून या कागदाचा फोटो तुला येईल.

तुझ्या बाबाला दवाखान्याचं काम मिळालंय. नव्या कॉम्प्युटरवर लिनक्स घालायचं, म्हणजे विंडोजसारखंच, कॉम्प्युटर चालवणारं. मशीन इतकं नवं, की लिनक्सला त्याची डिस्कच दिसत नाही. मग डिस्कची ओळख पटवून देणारा ड्रायव्हर पेनड्राइव्हवर भरून न्यायचा आणि लिनक्स घालताना पुढे करायचा. तुला काय सांगायचं, तूही त्याच पंथातली. मला अक्षर येत नाही, पण त्याच्या टेबलाशी भाजी निवडून निवडून एवढं पाठ झालंय.

काल तो तेच करत होता. शेजारी वायरने जोडलेला दवाखान्याचा काळा डबा, सगळ्या पेशंटांची माहिती साठवलेला; त्यावर नवं लिहिलं की जुनं पुसतं.

"अरे, पेनड्राइव्ह गप्प, आणि डब्याचा दिवा का लुकलुकतोय?"

"लुकलुकू दे गं."

"त्याच्यावर तर लिहीत नाहीस ना?"

त्याने पाहिलं. चेहरा पांढराफटक. वायर मीच उपटली. काय पुसलं गेलं, काय राहिलं, विचारायची छाती झाली नाही.

चुकतो माणूस. तुझे आजोबा नाही का, दुसऱ्याच्या घरी आपलंच समजून खुशाल चपला काढून बसायचे? आपण हसायचो. पहिलं वर्षभर हसायचो.

भुंगे, चहा पिऊन तो परत बसला, वायर जोडली आणि पुन्हा त्याच डब्यावर लिहायला निघाला. मी म्हटलं, "मघाशी काय झालं रे?"

"काय झालं?" म्हणाला. अगदी निरागस.

डबा आता माझ्या कपड्यांखाली आहे. तो शोधतोय, मी पाहिला नाही म्हणतेय. परवा त्याला त्या कामासाठी दवाखान्यात जायचंय. त्याआधी ये. डब्यातलं काय वाचवता येतं बघ, दवाखान्याच्या लोकांना खरं सांग, आणि याला डॉक्टरकडे ने. नुसता फोन करू नकोस. फोनवर तो फार शहाण्यासारखा बोलतो.

शिवणवाली थांबलीय. लिही म्हटलं बाई, मी घाबरलेय असंही लिही.

तुझ्या बाबाची आई