हॅल्बर्गबाईंची खोली

२ मार्च, फ्रेझ्नो
हॅल्बर्गने उरलेले सहा हजार डॉलर द्यायला आज साफ नकार दिला. त्याच्या म्हाताऱ्या आईसाठी घरामागे खोली बांधून दिली मी. बाई तिथे राहायला गेल्या आणि आठवड्याभरात वारल्या. आता म्हणतो, रिकाम्या खोलीतून तिचा आवाज येतो. आवाजाचा माझ्या बिलाशी काय संबंध? शांत राहायचं. कायदा माझ्या बाजूने आहे.

३ मार्च
मारिसेला म्हणते, लायसन्सच्या परीक्षेला बस म्हणून घसा कोरडा केला मी, आता कुठला कायदा? बायकोशी कायद्यावर बोलू नये.

७ मार्च
फुकट सल्ला देणाऱ्या वकीलबाईंकडे गेलो. म्हणाल्या, लायसन्स नसलेल्या काँट्रॅक्टरला एवढ्या कामाचे पैसे कोर्टात मागताच येत नाहीत. कुणाच्या हुकमाखाली रोजंदारीवर असता, तर मजुरीचा दावा लावता आला असता. मी म्हटलं, हुकूम होता की! म्हातारी रोज खुर्ची टाकून बसायची, मला लाडाने लालो म्हणायची. ‘लालो, खिडकी जरा खाली घे, मला पडल्या पडल्या लिंबाचं झाड दिसलं पाहिजे.’ वकीलबाईंनी बिल मागितलं. त्यावर छापलंय: एउलालियो मोंतेस, जनरल काँट्रॅक्टर. लाल अक्षरांत.

“केस करू नका,” त्या म्हणाल्या. “तो दिलेले पैसेही परत मागू शकतो.”

म्हणजे त्यांनाही माझ्या केसचा धसका बसलाय. करायचीच.

१५ मार्च
दुसरीकडे स्वयंपाकघराचं काम. कपाट ठोकताना मागून आवाज आला: जरा खाली घे. वळलो, कोणी नाही. घेतलं खाली. मालकीणबाई म्हणाल्या, आधीच बरोबर होतं. कानात मळ साठला असणार.

२२ मार्च
हॅल्बर्गच्या गल्लीतून सहज गेलो. त्या खोलीचा पडदा हलला. वारा नव्हता. अर्थात मी गाडीत होतो, वारा कसा कळणार.

२४ एप्रिल
कोर्ट. भाषण पाठ होतं. जजने फक्त लायसन्स नंबर विचारला. मी खिडकीपासून सुरुवात केली. त्याने पुन्हा नंबर विचारला. हॅल्बर्गने ॲडव्हान्सच्या चार हजारांचा उलटा दावा लावला होता. मंजूर. सहा मिळायचे राहिले, चार मीच द्यायचे. जिंकून वर हॅल्बर्गच रडत होता. खरं म्हणजे रडायचा हक्क माझा.

अपील करावं का? मारिसेलाला अजून सांगितलेलं नाही.

२६ एप्रिल
हॅल्बर्ग दारात. मारिसेलाने कॉफी दिली, तरी बसला नाही. तिच्यासमोरच बोलला.

“चार हजार नकोत मला. ती खोली पाड.”

मी विचारलं, बाई म्हणतात तरी काय?

“मला काहीच म्हणत नाही. तुला हाक मारते.”

तो गेल्यावर मारिसेलाने त्याची कॉफी सिंकमध्ये ओतली आणि कप घासत बसली. ओरडली असती तर बरं झालं असतं.

२ मे
सकाळी खोली पाडायला गेलो. हॅल्बर्ग अंगणात पाठ करून उभा. आधी खिडकी अलगद काढून ठेवली, मग घण घातला. भिंती भलत्याच मजबूत. संध्याकाळपर्यंत एकच पडली.

पाडायला लायसन्स लागतं का, कुणी विचारलं नाही. मीही नाही.