वरच्या ओळीतला आकडा

रवि. ९ मार्च, न्यूनेन

कालचं आज लिहितेय, काल पेन धरवत नव्हतं.

नेमबाजीच्या क्लबमध्ये विलमची रायफल फुटली. पहिल्याच गोळीला. मागच्या बाजूने गरम वायू आणि पितळेचे तुकडे थेट तोंडावर. चष्म्याची उजवी काच गेली. डावा डोळा वाचला, उजव्याबद्दल डॉक्टर काहीच बोलत नाहीत. मी शेजारच्या लेनवर. तो पडला नाही, ओरडला नाही. बंदूक नीट खाली ठेवली, नळीचं तोंड भिंतीकडे करून, आणि म्हणाला, "मंजिरी, आन्सला तू फोन कर. मी केला तर ती घाबरेल."

आन्स त्याची बायको. घाबरली ती घाबरलीच.

मंगळ. ११ मार्च

दिवसभर मीटिंगा. मशीन का बंद पडलं यावर सहा जण बोलले, मी ऐकल्यासारखं केलं.

संध्याकाळी क्लबच्या अध्यक्षांची सगळ्यांना मेल. काडतुसं घरी भरलेली होती, पावडर जास्त पडली असावी, 'ठरावीक वयानंतर' सभासदांनी हा उद्योग करावा का, याचा विचार व्हावा. विलमचं नाव नाही, पण सत्तरीच्या पुढचा तो एकटाच आहे. पोलिसांनी रायफल, काडतुसं, पावडर सगळं नेलं. परवाना स्थगित.

सुहास म्हणाला, "तू यात पडू नकोस. आपल्या नागरिकत्वाचा अर्ज चाललाय." नवऱ्याचं म्हणणं चूक नाही. म्हणूनच जास्त राग आला. लेक ईरा आतून ओरडली, "Is opa Willem blind now?" विलमला ती ओपा म्हणते, म्हणजे आजोबा.

गुरु. १३ मार्च

विलमकडे गेले. आन्सने कॉफी दिली आणि एरवी एक बिस्किट दिलं की लगेच बंद होणारा डबा उघडाच ठेवला. तेव्हा कळलं किती बिघडलंय ते.

वि. खिडकीकडे पाठ करून बसलेला. डोळ्यावर पट्टी. "चूक माझीच," म्हणाला. "हात चुकला असणार."

हात चुकला? याचा? मी पाहिलंय त्याला काडतुसं भरताना. रेडिओ बंद, आन्सला शेडमध्ये यायला बंदी, प्रत्येक पुंगळीतली पावडर दोनदा तोलायची. याच्यासमोर पोह्यात अंदाजाने मीठ टाकायची मला लाज वाटते. आणि नेहमी सुरुवात तक्त्यातल्या सर्वांत कमी वजनाने. त्या दिवशीही तेच, पावडर नवी म्हणून.

"ते पान वाच," म्हणाला. त्याला वाचता येत नाहीये. पुस्तक मी उघडलं. जानेवारीत आलेली नवी आवृत्ती, अजून पानं चिकटलेली. मोठ्याने वाचायला लागले आणि अडखळले. एकाखाली एक दोन पावडरी. वरची, विलमने वापरलेली, झटकन जळणारी, म्हणजे कमी लागणारी; खालची सावकाश. दोघींपुढचे आकडे तंतोतंत तेच. पोह्यांना आणि तांदळाला सारखंच पाणी घाला म्हटल्यासारखं. खालची ओळ कोणीतरी वर उतरवलीय आणि बदलायची राहून गेलीय. असल्या चुका शोधायचा मला ऑफिसात पगार मिळतो.

"पुस्तक तपासूनच छापतात," वि. म्हणाला.

"जुनी आवृत्ती कुठाय?"

"रद्दीत दिली. नवी आली की जुनी घरात ठेवायची नाही. दोन आकडे दिसले की माणूस सोयीचा निवडतो."

हा नियम त्यानेच मला शिकवलेला. मी किती कौतुकाने ऐकला होता. पानाचा फोटो घेऊन निघाले.

सोम. १७ मार्च

सकाळी पावडर बनवणाऱ्यांना पानाचा फोटो पाठवला. उत्तर आलं, जेवणाच्या सुट्टीच्या आत. 'हा आकडा आमचा नाही. वापरू नका.' सोबत त्यांचा स्वतःचा तक्ता. त्यांचं जास्तीत जास्त वजन पुस्तकातल्या कमीत कमीपेक्षाही खाली. म्हणजे विलमने जिथून जपून सुरुवात केली, तिथे पोचायच्या आधीच थांबायला हवं होतं.

बेफिकीर माणसाने कदाचित इंटरनेटवर कोणाचं तरी ऐकून भलतंच काही भरलं असतं आणि वाचलाही असता. हा पुस्तकाप्रमाणे वागला.

प्रकाशकांना सगळं पाठवलं. लगेच उत्तर: संपादक सुट्टीवर आहेत.

बुध. २६ मार्च

संपादक परतले. 'आमची माहिती तज्ज्ञांनी तपासलेली आहे. कृपया आपला वजनकाटा तपासून घ्यावा.' मी फोन केला. फोनवरच्या बाई गोड होत्या. पुढच्या आवृत्तीत बघू म्हणाल्या. मी म्हटलं, पुढच्या आवृत्तीपर्यंत ही वाचणाऱ्यांचं काय? "उगाच घबराट नको व्हायला."

मी ओरडले. डचमध्ये ओरडताना माझी क्रियापदं जागेवर राहत नाहीत, त्यामुळे फार परिणाम झाला नसावा. पोलिसांनाही पाठवून दिलं सगळं. सुहासला सांगितलं नाही.

रवि. ३० मार्च, पाडवा

बाल्कनीत गुढी. समोरचे काका दरवर्षीप्रमाणे विचारून गेले की हे नक्की काय आहे. घड्याळंही आजच एक तास पुढे, झोप अपुरी.

क्वार्कचं, म्हणजे इथल्या चक्क्याचं, श्रीखंड घेऊन विलमकडे. पावडरवाल्यांचं उत्तर वाचून दाखवलं, सावकाश, दोनदा. वाटलं होतं सुटेल बिचारा, निदान हसेल. वाटी तशीच धरून बसला. मग म्हणाला, "म्हणजे पुस्तक चुकलं."

"हो. तू नाही."

"अशी किती पुस्तकं विकली गेली?"

आन्स उठून आत गेली.

शनि. ५ एप्रिल

पावडरवाल्यांचं उत्तर वाचून क्लबमध्ये अध्यक्षांनी कॉफीच्या वेळी सगळ्यांसमोर माफी मागितली. मोकळेपणाने मागितली, एवढं मान्य करायला हवं. ज्यांच्याकडे ती आवृत्ती होती त्यांनी ओळीवर काट मारली. प्रकाशकांच्या साईटवरही दुरुस्ती आली आहे. पॅकिंग आणि परतीच्या नियमांखाली, बारीक अक्षरात. मला ठाऊक असूनही शोधावी लागली.

विलमच्या उजव्या डोळ्याला आता फक्त उजेड-अंधार कळेल. यापेक्षा सुधारणा नाही. परवान्याचं पोलिसांकडून अजून काही नाही. "नको आता मला तो," म्हणाला. इतक्या साध्या आवाजात, की मला सायकलवर रडू आलं. फार थकलेय मी.

गुरु. १० एप्रिल

विलमला ती ओळ स्वतःच्या हाताने खोडायची होती. आन्सला म्हणाला, पुस्तक आण. ती आणेना. शेवटी तिचा मला फोन, कुजबुजत. मी फोटो काढून गेले त्याच्या दुसऱ्या दिवशी तिने ते पुस्तक रागाने घराबाहेर काढलं. कोपऱ्यावरच्या काचेच्या कपाटात ठेवून दिलं. हवं ते पुस्तक न्या, नको ते ठेवा, असं ते कपाट. "मला ते डोळ्यांसमोर नको होतं, मंजिरी."

कपाट पाहिलं. स्वयंपाकाची पुस्तकं, रहस्यकथा, एक फाटका नकाशा. ते नाही.

रवि. १३ एप्रिल

काचेवर मी आणि आन्सने चिठ्ठी चिकटवली. कुठलं पुस्तक, कुठलं पान, कुठली ओळ, दोघींचे फोन नंबर. तिच्यावर प्लास्टिक. क्लबांना मेल गेल्या, पार नायमेखन शहरापर्यंत. सुहासने माझं डच तपासून दिलं.

वि. आज पहिल्यांदा चालत कोपऱ्यापर्यंत आला. कपाटाचं दार उघडून एकेक पुस्तक पूर्ण तोंडाजवळ नेऊन बघत होता. मी म्हटलं, "अरे, नसेल नेलं कोणी वाचायला. टाकूनही दिलं असेल."

"हे पुस्तक वाचायला कोणी नेत नाही," तो म्हणाला. "ज्याला लागतं, तोच नेतो."

अजून कोणाचा फोन नाही.