सुमतीचा रहिवासी दाखला

२ जून १९४१, सोमवार
कचेरीत गेलो. ऊन फार. सुमतीची आई, प्रेमिला, वारून आज बेचाळीस दिवस झाले. सुमतीला इथल्या मेडिकल स्कूलमध्ये जागा मिळते आहे, पण नागपूरचे कायम रहिवासी असल्याचा दाखला पाहिजे. मुदत ३० जून.
कारकून चंपतराव यांनी विचारले, मुलीचा जन्म कुठला? मी सांगितले, पैनगंगेपलीकडे, निजामाच्या हद्दीत, तिच्या आजोळी. आणि तुमचा? मी म्हणालो, माझाही आजोळी, तिकडेच. वडील इथे गिरणीत होते. त्यावर तो म्हणाला, म्हणजे तुम्ही लोक जन्माले तिकडं जाता आणि दाखल्याले इकडं येता काय गा?
मी शांत राहिलो. दौत भिंतीवर फुटली. हात लागला असावा.
आठ दिवसांत काम होईल.

५ जून
विचार केला. सगळा दोष प्रेमिलाचा. पहिले बाळंतपण माहेरी झाले पाहिजे, हा बायकांचा हट्ट. बायकांचा दवाखाना घरापासून दहा मिनिटांवर होता. सुमतीला हे समजावून सांगितले. ती ताटावरून उठली. आईसारखीच हळवी आहे.

९ जून
दोन प्रतिष्ठित साक्षीदार लागतात. शेजारचे नत्थूजी, इतवारीत भांड्यांचे दुकान, यांना घेऊन गेलो. चंपतरावांनी विचारले, यांचा इथेच राहण्याचा इरादा आहे काय? नत्थूजी म्हणाले, साहेब, हा तं वीस वर्षांपासून सांगून राहिला का नागपूर म्हणजे धर्मशाळा, एक दिवस आपल्या गावाले जाईन.
परतताना त्यांच्या दुकानात मी सभ्यपणे जाब विचारला. ते म्हणाले, मी काहून खोटं बोलू गा? माझ्या हातात लोटा होता. तो त्यांच्या खांद्याला लागला. लोटा लहान होता. त्यांनी परात मारली. परात लहान नव्हती. लोकांनी सोडवले. नाकातून रक्त तासाभरात थांबले.
संबंध बिघडले असे वाटत नाही. त्यांनी मला पाहून दार लावले, ते उन्हामुळे.

१० जून
यापुढे रागवायचे नाही. रोज पहाटे जुम्मा तलावापर्यंत फिरायला जाणार. आज गेलो नाही. नाक सुजले आहे.

१६ जून
प्रेमिलाचा भाऊ कवडू गावाहून आला. मीच पत्र टाकून बोलावले होते. त्याने पाणी पिण्याच्या आत मी स्पष्ट सांगितले की तुमच्या माहेरपणाच्या वेडाने माझ्या मुलीचे वाटोळे झाले. तो म्हणाला, भाऊजी, आमची बाई तं माहेरी येतच नव्हती, तुम्हीच...
पुढचे ऐकले नाही. छत्री हातात होती. तीन वेळा मारली. तिसऱ्या वेळी काडी मोडली आणि त्याचे कपाळ फुटले. त्याने हात उचलला नाही. दोन्ही हात पाठीमागे धरून उभा राहिला. जावयावर हात टाकत नाहीत त्यांच्यात. हट्टी मनुष्य.
सुमतीने आईचे जुने लुगडे फाडून पट्टी बांधली. मला म्हणाली, बाबा, तुम्ही बाहेर व्हा. बाहेर गेलो. तसेही जायचेच होते.

२३ जून
सुमती आणि कवडू कचेरीत गेले. मला सांगितले नाही. मी मागून गेलो. चपराशाने दारातच अडवले. आतून चंपतराव ओरडले, त्या दौतवाल्याले आत नको येऊ देऊ गा. चपराशाला ढकलले. त्याने मला जास्त जोरात ढकलले. कोपर सोलले.
माझ्यावाचून काम होणार नाही, हे त्यांना कळेलच.

२८ जून
दाखला मिळाला.
कवडूने प्रेमिलाचे पत्र आणले होते. बापाला लिहिलेले, नोव्हेंबर १९२२चे. सुमतीने मला वाचून दाखवले. 'बाबा, मले घ्यायले येऊ नका. हे म्हणतात घरची रीत आहे, म्हणून पाठवून राहिले. माझं घर आता नागपूर आहे. इथला दवाखाना जवळ आहे. मले भेव वाटते.' चंपतरावांनी त्याची नक्कल पहिली साक्ष म्हणून लावली. नत्थूजींनी दुसरी साक्ष दिली. म्हणाले, गावाले जातो म्हणते, पण वीस वर्षांत हा माणूस इतवारी सोडून कुठं गेला नाही. अजून खांदा वर होत नाही त्यांचा. सही डाव्या हाताने केली.
सासऱ्यांना, ती काहीही लिहील, तिकडे लक्ष देऊ नका, येऊन घेऊन जा, असे मी तेव्हा लिहिले होते. तेही पत्र कवडूजवळ होते. ते त्याने कचेरीत काढले नाही. आज माझ्या हातात दिले.
अक्षर माझेच आहे.

१ जुलै
सुमती होस्टेलवर गेली. घर वीस मिनिटांवर असून.
कवडू गावी गेला. कपाळावर पट्टी होती. रीतीप्रमाणे माझ्या पाया पडला.
दुपारी छत्रीची मोडकी काडी सुतळीने बांधली. उघडून पाहिली. एका बाजूने लोंबते. मिटून खुंटीला लावली.