आईची खरी सही

१ एप्रिल, स्टॉकटन

एप्रिल फूल नाही — आज आईची खरी सही खोटी ठरली! नोटरी म्हणाला, लायसन्सवरची सही आणि ही जुळत नाही. कशी जुळेल? लायसन्स टपालाने नवं केलं तेव्हा सही मीच ठोकली होती. सहलीच्या चिठ्ठ्या, दातांच्या डॉक्टरचे कागद, आमच्या ट्रेलरघराचा करार — पाचवीपासून कागदावरची आई म्हणजे मीच.

आणि आता मी कोर्टात अर्ज केलाय: मी सोळाची आहे, माझं मी बघते, मला सज्ञान ठरवा. त्याला आईची संमती हवी, नोटरीसमोर सही करून. म्हणजे आईपासून सुटायलाही आईच हवी!

आई त्याला म्हणाली, "अहो, मीच मी आहे!"

"तसं सगळेच म्हणतात, बाई."

२ एप्रिल

कागद द्यायची मुदत अठरापर्यंत. वीसला आईचा मित्र ड्वेन तिला घेऊन नेवाडाला निघतोय — वाळवंटात गरम पाण्याचे जुने टब विकायला! सही झाली नाही तर मलाही जावं लागणार. "टब घासणार कोण?" हे माझ्या शिक्षणाबद्दल ड्वेनचं मत. हिवाळ्यात त्याने माझं दार लाथेने फोडलं, तेव्हापासून मी न्हाणीघरातल्या टबात झोपते. तिथलीच कडी तेवढी शाबूत आहे. टबांशी माझी एवढी ओळख पुरे.

मी शाळेनंतर जिथे काम करते त्या डोनटच्या दुकानामागे एक खोली आहे. मालकीण सोफाल मावशी ती द्यायला तयार आहेत. त्या पंधराच्या असताना कंबोडियाहून आल्या. म्हणाल्या, "सज्ञान आहेस का, असं मला कुणी विचारलंच नाही. डायरेक्ट तळायला उभी केली!"

३ एप्रिल

ठरलं. आईला तिची सही शिकवायची. दुकानातून ऑर्डरच्या चिठ्ठ्यांचं पॅड आणलं. रोज एक पान, वर तारीख तिने घालायची — शिस्त म्हणजे शिस्त.

आई जीभ बाहेर काढून बसली. "आडनावाला, टॅकेटच्या शेवटी, एवढी मोठी शेपटी कशाला गं?"

"पाचवीत मला शेपट्या आवडायच्या."

"मग मला विचारायचंस!"

"तू घरी नव्हतीस. अकरा दिवस."

मग ती गिरवत राहिली. एकही सही धड नाही.

९ एप्रिल

नोटरीकडे दुसरी खेप. आईने शेपटी उलटी काढली!

घरी येऊन ओरडले तिच्यावर. वीस वेळा लिही, लक्ष कुठे असतं तुझं? स्वतःचाच आवाज ऐकून हसू फुटलं. तीही हसली, पार खोकला येईपर्यंत. मग उठून तिने दोघींसाठी अंडी तळली. जळली थोडी. मी सगळी खाल्ली.

१२ एप्रिल

ड्वेन — "पोरगी येतेच आहे ना आपल्याबरोबर? मग हे कागद काळे करणं कशाला?"

आई — "माझा गृहपाठ चाललाय. गप बस."

ड्वेन गप्प बसला!! तारीख लिहून ठेवली.

१५ एप्रिल

तिसरी खेप. सगळं बरोबर चाललं होतं आणि शेवटच्या अक्षराला ती शिंकली. रेघ थेट टेबलावर. नोटरी म्हणाला, आता शिकवणीच लावा. मी म्हटलं, लावलीय.

१७ एप्रिल

आज रागावले नाही. रागवायला उरलंय काय! फक्त म्हटलं, "आई, मला आता टबात नाही झोपायचं."

तिने पेन खाली ठेवलं. म्हणाली, "मान दुखत असेल ना, रेनी."

"हो. रोज."

१८ एप्रिल

झाली! एका झटक्यात! नोटरीने भिंग लावून पाहिलं आणि शिक्का हाणला. मी उड्या मारल्या. आई म्हणाली, "शेपटी छान आहे तशी."

२० एप्रिल

गेले दोघं. ट्रकवर सहा टब आणि आई.

९ मे

मंजूर! आजपासून मी सज्ञान. न्यायाधीशबाई म्हणाल्या, "आईचं अक्षर सुरेख आहे हो तुझ्या." मी पटकन थँक्यू म्हणून बसले!

११ मे

ट्रेलर रिकामा करायला गेले होते. कपबशांच्या खणात, अंथरलेल्या कागदाखाली पॅडचं एक पान सापडलं. चाळीस सह्या. शेपटीसकट, सगळ्या बिनचूक. वर आईच्या हातची तारीख — ३ एप्रिल.

म्हणजे पहिल्याच दिवशी जमली होती तिला. आणि तरी नऊला चुकली, पंधराला शिंकली.

दुकानात सोफाल मावशींनी विचारलं, डोळे का लाल? मी म्हटलं, कांदा. डोनटच्या दुकानात कांदा!